मुठीतले तांदूळ, भिंतीवरचा नकाशा

मिझोरममधल्या ख्रिस्ती घरात भाताला तांदूळ मोजून घेतले की त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात जाते. सकाळच्या स्वयंपाकाला एक, संध्याकाळच्या स्वयंपाकाला एक. मंडळीतल्या बायका हे तांदूळ घरोघर जाऊन गोळा करतात, ते विकले जातात आणि आलेला पैसा मंडळीच्या सेवेला व मिशनकार्याला लागतो. १९१०च्या सुमारास सुरू झालेली ही ‘बुहफाई थम’ची रीत शंभर वर्षे उलटली तरी चालू आहे. २०११च्या जनगणनेत सारी मिळून ११ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या राज्यातून मुठीमुठीने आज कोट्यवधी रुपये उभे राहतात आणि मिझो मंडळ्यांचे शेकडो मिशनरी देशाच्या इतर भागांत काम करतात. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी गावोगाव जमणारा मुष्टिफंड ज्यांना माहीत आहे त्यांना यातली ताकद वेगळी सांगायला नको. मिझो मुलाला ‘मिशन म्हणजे काय’ हे कोणी पाटीवर लिहून शिकवत नाही. आपल्या ताटातले थोडे दुसऱ्यासाठी काढायचे असते, हे ते बोलायला लागायच्या आधीपासून पाहत असते.

मुलांना आणि कुटुंबांना मिशनकार्यात व प्रार्थनेत सामील करून घेण्यासाठी आज साधनांचा तुटवडा नाही. पुस्तके, नकाशे, प्रार्थनेची कॅलेंडरे, चरित्रमाला, अ‍ॅनिमेशनपट, मोबाइल अ‍ॅप, सुट्टीतली शिबिरे असे कितीतरी आहे. त्यातले बहुतेक इंग्रजीत आणि अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये घडलेले. मराठी संडे स्कूलमध्ये ते भाषांतर होऊन येते किंवा शिक्षकाच्या तोंडून अर्धेमुर्धे उतरते. चांगले साधन कोणते हे ठरवताना चित्रे रंगीत आहेत का, खेळ किती आहेत, हेच जास्त पाहिले जाते. खरे तर आधी पाहायला हवे ते दुसरेच: हे साधन मुलाला वाढवते, की मुलाचा उपयोग करून घेते? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे आणि त्याचा एक धागा थेट गोव्यात निघतो.

१५४२च्या मे महिन्यात फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. हातात घंटा घेऊन तो रस्त्यारस्त्याने फिरे आणि मुलांना धर्मशिक्षणाला बोलावी. शिकलेली मुले घरी जाऊन आईवडिलांना, चाकरमाणसांना तेच म्हणून दाखवीत. त्याच वर्षी तो दक्षिणेकडे, मोती काढणाऱ्या परवर कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेला. तिथून त्याने युरोपला धाडलेल्या पत्रांत मुलांबद्दल पुष्कळ मजकूर आहे. आजाऱ्यांकडून इतकी बोलावणी येत की सगळीकडे जाणे त्याला अशक्य झाले. मग तो मुलांना पाठवू लागला. मुले आजाऱ्याच्या अंथरुणाभोवती जमून प्रार्थना म्हणत, घरचे आणि शेजारचे लोकही त्यांच्यामागून म्हणत. मुलांच्या प्रार्थनेवर एवढा भरवसा टाकणारा प्रसंग मिशनच्या इतिहासात विरळा. पण त्याच पत्रांत पुढे आहे की आईबाप मूर्तिपूजा करताना दिसले की हीच मुले धावत येऊन सांगत आणि मूर्ती फोडण्यात पुढे असत. झेवियरने हे कौतुकाने लिहिले आहे. आज वाचताना मात्र छातीत कळ येते. आजाऱ्याच्या उशाशी बसलेले मूल आणि स्वतःच्या बापाची चुगली करायला धावणारे मूल एकच आहे. त्याला पहिली गोष्ट शिकवणाऱ्यानेच दुसरीही शिकवली. मुलांसाठी मिशनचे साहित्य तयार करणाऱ्या प्रत्येकाने ही पत्रे वाचावीत.

एकोणिसाव्या शतकात झेवियरच्या घंटेची जागा मुलांच्या हातातल्या नाण्याने घेतली. १८२२ साली फ्रान्समधल्या लिऑन शहरात पोलिन जारिको या तरुणीच्या पुढाकाराने एक योजना उभी राहिली: दहाजणांचा एक गट, प्रत्येकाने रोज प्रार्थना करायची आणि आठवड्याला एक सू द्यायचा. सू हे तिथले क्षुल्लक किमतीचे नाणे. पोलिनशी बोलून नान्सीचे बिशप फोर्बां-जान्सो यांनी १८४३मध्ये हीच कल्पना मुलांसाठी आणली. रोज एक ‘नमो मरिया’ आणि महिन्याला एक सू. त्यांच्या डोळ्यांपुढे चीनमधली टाकून दिलेली बालके होती. ही संस्था आज ‘होली चाइल्डहूड’ या नावाने कॅथलिक जगात सर्वत्र आहे, भारतातही. मुलांनी मुलांना मदत करावी हे तिचे ब्रीद. रक्कम मुद्दाम किरकोळ ठेवली होती, म्हणून गरिबाचे मूलही मागे राहत नव्हते.

प्रॉटेस्टंट मुलांनी तर जहाजे विकत घेतली. लंडन मिशनरी सोसायटीचा जॉन विल्यम्स १८३९मध्ये पॅसिफिकमधल्या एरोमँगो बेटावर मारला गेला. त्याच्या नावाचे जहाज असावे म्हणून ब्रिटनमधल्या संडे स्कूलच्या मुलांनी पेनी-पेनी करून ६,२३७ पौंड जमवले आणि १८४४मध्ये ‘जॉन विल्यम्स’ पाण्यात उतरले. पुढे एकामागून एक अशी त्या नावाची सात जहाजे झाली. अमेरिकेत १८५६ साली अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेने ‘मॉर्निंग स्टार’ जहाजाचे दहा-दहा सेंटांचे भाग मुलांना विकले. याच बोर्डाचे मिशनरी १८१३पासून मुंबईत आणि १८३१पासून अहमदनगरात होते. आपल्याकडच्या अनेक जुन्या शाळा आणि मंडळ्या त्याच झाडाच्या. भागाचा कागद हाती असलेल्या मुलाला वाटे, हे जहाज माझे आहे. मुलाला हिस्सेदार करण्याची ही युक्ती आजही तितकीच पक्की आहे आणि तिच्यात खोट काही नाही.

खोट होती ती गोष्ट सांगण्यात. एरोमँगोची हकिकत पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ‘रानटी लोकांनी देवमाणसाला मारले’ अशी सांगितली गेली. बेटावरच्या लोकांनी परक्यांच्या हातून आधी काय सोसले होते, हे त्या गोष्टीत नसे. २००९मध्ये विल्यम्सचे वंशज एरोमँगोला गेले आणि दोन्ही बाजूंच्या लेकरानातवंडांनी विधिपूर्वक समेट केला. मुलांना सांगायची खरी गोष्ट आता कुठे पूर्ण झाली आहे, आणि ती पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी आहे. विसाव्या शतकातल्या अमेरिकन कॅथलिक शाळांतही असेच घडले. पाच डॉलर जमवले की वर्गाला दूरदेशीच्या ‘मूर्तिपूजक बाळा’चे प्रमाणपत्र मिळे आणि त्या बाळाला बाप्तिस्म्याचे नाव द्यायचा मान मिळे. त्या बाळाला आईने आधीच एक नाव ठेवलेले असेल, हे कुणी वर्गाला सांगितले नाही.

याच परंपरेतून आलेले, पण पुष्कळ शहाणे झालेले उदाहरण जर्मनीत दिसते. जानेवारीच्या सुरुवातीला, तीन ज्ञानी पुरुषांच्या सणाच्या दिवसांत, मुले राजांचा वेष करून, हातात तारा घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरतात. दारावर खडूने आशीर्वादाची अक्षरे आणि साल लिहितात आणि जगभरच्या मुलांसाठी दान मागतात. देशभरातून एकत्रितपणे १९५९पासून चाललेल्या या ‘श्टेर्नझिंगर’ मोहिमेने आजवर एक अब्ज युरोंहून अधिक रक्कम जमवली आहे. दरवर्षी एक देश आणि एक विषय घेऊन त्याची पुस्तिका व माहितीपट मुलांना आधी दिला जातो. थंडीत दारोदार हिंडायचे ते कशासाठी, हे मुलांना नेमके ठाऊक असते. शिवाय मूल नुसते मागत नाही, त्या घराला आशीर्वाद देऊन येते. ही बाब छोटी वाटते, पण दान मागायला निघालेल्या मुलाचा मान तिच्यामुळे राहतो.

नाण्याच्या सगळ्या योजनांत सर्वांत सखोल विचार मात्र एका भारतीय बाईचा आहे. १९५६ साली शांती सॉलोमन आशियात फिरणाऱ्या एका ख्रिस्ती महिला पथकात होत्या. कोरियाचा व्हिसा न मिळाल्याने त्यांना फिलिपिन्समध्ये मागे थांबावे लागले. सीमा माणसांना अडवतात, प्रार्थनेला अडवत नाहीत, या विचारातून त्यांनी ‘फेलोशिप ऑफ द लीस्ट कॉइन’ सुचवली. प्रार्थना केली की प्रत्येक वेळी आपल्या देशाचे सर्वांत लहान नाणे बाजूला ठेवायचे, त्याहून मोठे नाही. त्यामुळे श्रीमंत देशातली बाई आणि गरीब खेड्यातली बाई यांचे दान एका पातळीवर येते, आणि डब्यात किती पैसे साठले यापेक्षा किती वेळा प्रार्थना झाली ते कळते. ही चळवळ बायकांची असली तरी घरातल्या मुलांसाठी याहून सोपे आणि निर्मळ साधन सापडणार नाही. आपल्याकडे आता एक रुपयाच्या नाण्यावर हे सहज चालेल.

पुस्तकांच्या बाजूला सर्वांत वजनदार नाव ‘ऑपरेशन वर्ल्ड’चे. पॅट्रिक जॉनस्टनने १९६०च्या दशकात आफ्रिकेत काम करताना प्रार्थनेसाठी देशवार माहितीची टिपणे काढली, त्याचा हा जाडजूड ग्रंथ झाला. त्याची पत्नी जिल हिने तीच माहिती मुलांसाठी लिहायला घेतली. कर्करोगाने १९९२मध्ये ती गेली. तिचे काम डॅफ्नी स्प्रॅगेटने पुढे नेले आणि त्यातून ‘विंडो ऑन द वर्ल्ड’ हे सचित्र पुस्तक आले. २०१८मध्ये ते नव्याने लिहून काढले गेले. एकेका देशाचे किंवा जमातीचे एक जोडपान, तिथली मुले काय खातात, काय खेळतात, तिथल्या अडचणी कोणत्या, आणि शेवटी प्रार्थनेचे काही नेमके मुद्दे. ‘देवा, सगळ्या जगाचे भले कर’ यापलीकडे मुलाची प्रार्थना जात नसेल तर दोष मुलाचा नसतो, त्याला माहिती मिळालेली नसते. हे पुस्तक ती उणीव भरून काढते. विक्लिफ बायबल भाषांतरकारांनी केलेले ‘फ्रॉम आरापेश टू झूनी’ आणखी लहान मुलांसाठी. इंग्रजी अक्षरमालेच्या प्रत्येक अक्षरासाठी बायबल नसलेला एकेक भाषिक समाज. जेनेट आणि जेफ बेंज यांची चरित्रमाला व स्कॉटलंडची ‘ट्रेलब्लेझर्स’ माला वरच्या वयासाठी आहेत. त्यांत विल्यम केरी आणि एमी कार्माइकल यांच्यामुळे भारत भेटतो, पण भेटतो तो बहुधा परदेशी नायकाच्या पाठीमागचा पडदा म्हणून.

इथेच मराठी घराची अडचण सुरू होते. या पुस्तकांतले मूल आपल्या खोलीत बसून दूरच्या भारतासाठी प्रार्थना करते. अहिल्यानगरच्या किंवा मिरजेच्या मुलाने ते उघडले तर प्रार्थनेचा विषय तोच असतो, त्याचे शेजारी असतात, त्याचे गाव असते. काही मोठ्या याद्यांत तर भारतातले समाज जातीच्या नावाने मोजलेले आहेत: कुणबी, मराठा आणि असे शेकडो. संशोधकाच्या टेबलावर त्या यादीचा काही उपयोग असेल. पण त्यावरून केलेले प्रार्थनेचे कार्ड मराठी मुलाच्या हातात देणे म्हणजे वर्गातल्या मित्राकडे त्याच्या जातीच्या चष्म्यातून पाहायला शिकवणे. जातीच्या ओझ्यातून सुटण्यासाठी ज्यांच्या पणजोबांनी ख्रिस्ताचा रस्ता धरला त्या घरांत हे व्हावे, हे फार वाईट आहे. अशी कार्डे भाषांतरित करूच नयेत. मित्रासाठी प्रार्थना करायची ती त्याच्या नावाने करावी, त्याची आजी आजारी आहे म्हणून, त्याची परीक्षा आहे म्हणून.

प्रार्थना शिकवण्याची साधने मिशनच्या साधनांपेक्षा शांत आणि बहुतेक वेळा जास्त चांगली आहेत. जर्मनीतल्या हेर्नहुट गावी १७२७च्या ऑगस्टमध्ये मोरेव्हियन लोकांनी चोवीस तासांची अखंड प्रार्थना सुरू केली. ती शंभर वर्षे चालली. त्याच महिन्यात तिथल्या मुलांतही प्रार्थनेची मोठी ओढ जागी झाली होती, आणि त्यात अकरा वर्षांच्या सुझान क्यूनेलचा वाटा होता. पुढच्या वर्षीपासून तिथे रोज सकाळी घरोघर बायबलचे एक वचन दिवसासाठी सांगितले जाऊ लागले. १७३१पासून ती वचने पुस्तकरूपात छापली जातात आणि आज पन्नासहून अधिक भाषांत वाचली जातात. न्याहारीच्या वेळी दोन ओळी, एक प्रार्थना, झाले. तीनशे वर्षे टिकायला एवढे पुरले.

दुसरा मोठा प्रवाह मॉन्टेसरी पद्धतीतून आला. रोममध्ये १९५४ साली सोफिया काव्हालेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी लहान मुलांसाठी एक खोली मांडली. लाकडी मेंढरे, मेंढपाळ, छोटीशी वेदी, सगळे मुलाच्या हाताला येईल असे. अमेरिकेत जेरोम बेरीमनने त्यावरूनच ‘गॉडली प्ले’ घडवले. गोष्ट सांगून झाली की शिक्षक तात्पर्य सांगत नाही. ‘यातले तुला काय आवडले असेल बरे? यात तू कुठे आहेस?’ असे विचारून गप्प बसतो. ताराबाई मोडकांच्या बालवाडीची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला हे परके वाटायचे कारण नाही. तरी आपल्या संडे स्कूलमध्ये वचन पाठ झाले की बक्षीस, हाच प्रकार अजून वरचढ आहे. ब्रिटनमधल्या शाळांत ‘प्रेयर स्पेसेस’ या उपक्रमात मुले एका कोपऱ्यात आपल्याला दुखावणाऱ्याची आठवण करून फसफसणारी गोळी पाण्यात टाकतात आणि ती विरघळेपर्यंत पाहत राहतात. साहित्य म्हणजे एक पेला आणि औषधाच्या दुकानातली गोळी. हे कोणत्याही तालुक्याच्या गावी करता येईल.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांना तर नवे काही आणायचीच गरज नाही. संध्याकाळची तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना, वाड्यावरच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून म्हटलेले लादीन हे प्रार्थनागीत, आणि नंतर मुलांच्या ओंजळीत पडणारे उकडलेले चणे. लहानथोर, आजी-नातू, भांडलेले शेजारी सगळे एका सुरात येतात. धोका असला तर तो टीव्हीचा आणि मोबाइलचा. लादीनात दूरच्या एखाद्या देशाचे नाव घेऊन एक विनंती जोडली की मिशनही त्यात आले.

मराठी भाषेत तर हा खजिना इतका आहे की पाहून आश्चर्य वाटते आणि त्याकडे झालेले दुर्लक्ष पाहून वाईट वाटते. ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक अमेरिकन मिशनने १८७३मध्ये काढले, म्हणजे विनायक कोंडदेव ओकांच्या ‘बालबोध’च्या आठ वर्षे आधी. पुढे देवदत्त टिळकांसारखे संपादक त्याला लाभले. अहमदनगरात कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. कीर्तन ही अवघ्या कुटुंबाने बसून ऐकायची गोष्ट, मुलांना वेगळ्या खोलीत पाठवायची सोय तीत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे फुलामुलांचे कवी म्हणून शाळेच्या पुस्तकांतून सगळ्या महाराष्ट्राला माहीत. त्यांची भजने आणि गीते मराठी उपासनेत आजही गायली जातात. १९१७मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. परदेशी पुस्तके ज्या प्रश्नाशी आज झटत आहेत तो टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात हाती घेतला होता.

आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’. कुटुंब आणि मिशन या विषयावर मराठीत, बहुधा भारतात, याहून खरे पुस्तक नाही. टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, मग परतल्या, आणि १९००मध्ये स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. श्रद्धेचा निर्णय घरातल्या प्रत्येकाचा वेगळा आणि वेगळ्या वेळी असतो, हे त्यात इतक्या प्रेमाने उतरले आहे की कौटुंबिक उपासनेत त्यातला एखादा प्रसंग मोठ्याने वाचायला हरकत नाही. मोठ्या मुलांना तो नक्की रुचेल.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी मुलींना बोलावले. सत्तरजणी आल्या, मग संख्या वाढत गेली, आणि जूनअखेर जे जागरण झाले त्याची वार्ता जगभर गेली. दुष्काळातून वाचवून आणलेल्या या मुली. ज्यांच्याकडे जग दयेने पाहत होते त्या मुली जगासाठी प्रार्थना करू लागल्या, टोळ्या करून आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. रमाबाईंच्या मराठी बायबलची छपाईही मुक्तीतल्या हातांनी झाली. मुलांच्या मिशन-साहित्यात ही गोष्ट पहिल्या पानावर असायला हवी.

दत्तक-योजनांविषयी थोडे. महिन्याला ठरावीक रक्कम देऊन एका मुलाचे पालकत्व घ्यायचे, पत्रे लिहायची, फोटो फ्रिजवर लावायचा, ही पद्धत पाश्चात्त्य कुटुंबांत फार रुजली. तिच्यामुळे पुष्कळ मुले शिकली, हे नाकारू नये. पण ती परदेशी पैशाच्या वाटेवर उभी असते. ‘कम्पॅशन’ या संस्थेला २०१७च्या मार्चमध्ये भारतातले काम थांबवावे लागले तेव्हा जवळजवळ दीड लाख मुलांचा आधार एकदम सुटला. नाताळला दूरदेशीच्या मुलांसाठी भेटवस्तू भरून पाठवायच्या खोक्यांचेही तसेच: देणाऱ्या मुलाला ते भरताना आनंद होतो, घेणाऱ्या मुलाला भेट मिळते, ओळख मात्र होत नाही.

मिशनरी कुटुंबातली स्वतःची मुले या सगळ्या चर्चेत विसरली जातात. पूर्वी त्यांना दूरच्या वसतिगृहांत ठेवत. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीमध्ये मामू इथल्या अशा शाळेत मुलांचा जो छळ झाला त्याची १९९०च्या दशकात स्वतंत्र चौकशी झाली, आणि मिशन-संस्थांना बालसुरक्षेचे नियम करावे लागले. भारतात फ्रेंड्स मिशनरी प्रेयर बँड ही चळवळ १९५९मध्ये तामिळनाडूतल्या तरुणांच्या प्रार्थनागटांतून निघाली आणि तिचे मिशनरी डांगसारख्या आदिवासी भागांत पोचले. त्यांच्या मुलांसाठी दोहनावूरला शाळेची सोय झाली. मंडळीने एखाद्या मिशनऱ्याचा फोटो भिंतीवर लावला तर त्याच्या मुलांची नावे आणि वाढदिवसही तिथे लिहावेत. आपल्या वयाच्या मुलासाठी प्रार्थना करणे हे संडे स्कूलच्या मुलाला कोणत्याही नकाशापेक्षा लवकर कळते. आणि मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येक मंडळीकडे लेखी बालसुरक्षा-नियम हवेत. सुट्टीतल्या बायबल शाळेच्या (व्हीबीएस) गाण्यांपेक्षा ते आधी छापावेत.

मराठीत आता हवे आहे ते फार खर्चाचे नाही. टिळक १९१९मध्ये गेले, रमाबाई १९२२मध्ये. दोघांचे लेखन स्वामित्वहक्कातून केव्हाच मोकळे झाले आहे. टिळकांच्या निवडक गीतांची सचित्र पुस्तिका, सोबत मुलांना म्हणता येतील अशा चाली. मुक्तीतल्या मुलींची, बुहफाई थमची आणि शांती सॉलोमनच्या नाण्याची गोष्ट सांगणारी सोळा-सोळा पानांची तीन पुस्तके. महाराष्ट्र आणि गोव्याचा एक नकाशा, ज्यावर मंडळ्या, मिशन-रुग्णालये आणि शाळा दाखवलेल्या असतील आणि मुलांनी आपल्या मित्रांची गावे स्वतः लिहायला जागा मोकळी असेल. चित्रकार मंडळ्यांतच आहेत, गायक आहेत, शिक्षिका तर भरपूर आहेत. मे महिन्यातल्या व्हीबीएसचे साहित्य ठरवायच्या बैठका नाताळ आटोपला की सुरू होतात. यंदाच्या बैठकीत भाषांतराच्या यादीच्या आधी या पाच कामांची यादी टेबलावर यावी.